देवाची कात

निरवांगी, ता. इंदापूर
५ मे १९९६

चि. रामहरीस ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेने सारे बरे. तुझी पाठ कशी आहे? कारखान्यात रंगाचे डबे वाकून उचलत जाऊ नकोस.

पत्रास कारण आमच्या देव्हाऱ्यातला पितळी नरसिंह. दर एकादशीला चिंचेने घासून घासून देवाचं नाक झिजत चाललंय, ते मला बघवेना. आमच्या रेश्माने आपलं बिनरंगी नेलपॉलिश घट्ट झालं म्हणून टाकायला काढलं होतं. (टाकायचं कसं? अर्धी बाटली भरलेली!) तूच मागे सांगितलं होतंस, त्यातला पातळ द्राव उडून जातो आणि मागे दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. मग हवा लागणार नाही, पितळ काळं पडणार नाही. दिवा विझवून (ते भडकतं, हेही तुझंच सांगणं) देवाला त्याचे दोन हात दिले. घरभर पिकल्या केळ्यांचा वास सुटला, आणि देव असा दिसू लागला, जणू नरसिंहपूरच्या संगमात बुडी मारून आत्ताच वर आलाय, अंगावरचं पाणी निथळायचं राहिलंय. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. तिकडे पडवीतल्या चुलीवर भाकरी करपली.

नृसिंहजयंतीला सासूबाईंनी अभिषेकाला ऊन पाणी घातलं. पापुद्रा सुटला, आयाळीच्या वळ्यांसकट, अख्खा, आणि ताम्हणात तरंगू लागला. सासूबाई ओरडल्या, "म्हाळसे, देवानं कात टाकली गं!" शेजारच्या गोजरबाई सासूबाईंना म्हणाल्या, "मागल्या जल्माची पुण्याई हाय बानूबाई तुमची. आमचा देव बघा, हलत बी न्हाय." मी तोंड उघडलं होतं, पण सासूबाई रडत होत्या, आणि समईच्या उजेडात ती कात अशी झळकत होती की घटकाभर मलाही खरंच वाटलं.

आता त्यातला नखाएवढा तुकडा त्या रोज तीर्थासोबत गिळतात. गुडघ्यांसाठी. आज तिसरा दिवस. ते पोटात विरघळतं की साठतं, त्यात विषारी काही असतं का, हाच घोर लागलाय. सांगावं तर त्यांचा देव जातो, न सांगावं तर माझी सासू.

तुझी ताई,
म्हाळसा

ता. क. उत्तर सासूबाईंच्या नावे घाल. त्यांना वाचता येत नाही, वाचून मीच दाखवणार. म्हणजे खरं माझ्या तोंडून निघेल आणि बोलणारा तू असशील.

ता. क. २. पण जरा घाई कर. कालपासून त्या काठीशिवाय चालतायत, म्हणून आज सकाळी अर्धा तुकडा मीही घेतला.