चेपलेल्या पुंगळ्या

प्रिय ऑरिन,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. मागच्या रविवारी चर्चच्या जेवणात, हातात माशाची ताटली घेऊन, तू सगळ्या गावादेखत म्हणालास, "माझी पोरगी भाजली ती आमच्या लॉर्नाच्या काडतुसानं. म्हातारीला आता धड दिसत नाही, पण मिरवायची हौस काही जात नाही." मी पलीकडच्याच टेबलावर बटाटे वाढत होते आणि ते तुला पक्कं ठाऊक होतं. कुणी हसलं नाही, सगळ्यांनी माना ताटात घातल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची मर्ना मी भरून दिलेली काडतुसं घेऊन दारात उभी. "राग मानू नकोस गं, पण नकोतच." बाबा गेल्यापासून त्यांच्या टेबलावर मी काडतुसं भरतेय. ती परत यायची ही पहिलीच वेळ.

त्या टेबलाशी तू कधी बसला नाहीस. बाबांनी हाक मारली की तुला नेमकी गुरं आठवायची. म्हणून सांगते, नीट ऐक. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आपण अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घोळवून लख्ख करतो, पण लख्ख म्हणजे चांगली नव्हे. प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं आणि बुडाजवळ आतून पातळ होत जातं, बाहेरून काही कळत नाही. म्हणून बाबा टोक वाकवलेली तार आत घालून फिरवायचे. तार जराशी जरी अडकली तरी पक्कड घेऊन पुंगळीचं तोंड चेपायचे आणि टेबलाखालच्या कॉफीच्या डब्यात टाकायचे, म्हणजे ती पुन्हा कुणी चुकूनही उचलणार नाही. हे सगळं मी सिग्नेला शिकवलं. तुझ्या लेकीची बोटं बाबांची आहेत. मला न लागलेली खाच तिला लागायची, आणि "आत्या, ही मेली!" म्हणत ती पक्कड अशी आवळायची की मला हसू यायचं. दर रविवारी यायची. आता पोस्टासमोर मी दिसले की रस्ता ओलांडते, गालावरचा डाग केसांनी झाकते. गावाचं मी बघून घेईन रे, पण हे मला सहन होत नाही.

जुलैत तू गवत कापायच्या यंत्राचा पट्टा मागायला आलास. मी मूर्खासारखी तुला कॉफी दिली, वर रूबार्बचा केक कापला. निघताना टेबलाखालचा डबा उचललास. "हे भंगारच ना? शहरात चाललोय, टाकून येतो." मला वाटलं, एवढ्या वर्षांनी भावाला बहिणीचा पुळका आला. मग सप्टेंबरात खडीच्या खाणीत रायफलचा नेम लावायला तू सिग्नेला घेऊन गेलास, काडतुसांनी भरलेलं मॅगझिन तिच्या हातात दिलंस आणि तिसऱ्या की चौथ्या बाराला पुंगळी बुडाशी फाटली. आग मागे आली. डोळा वाचला तो चष्म्यामुळे. पोरगी दवाखान्यात पडून होती आणि तू तिला सांगत होतास की ती काडतुसं आत्यानं दिली. मी तुला एकही काडतूस दिलेलं नाही ऑरिन, या जन्मात नाही.

फाटलेल्या पुंगळीचा पुढचा अर्धा भाग नळीत अडकून बसला होता, तो बंदुका दुरुस्त करणाऱ्या डेल्बर्टनं त्याच्या दुकानात काढला. काल मी तिथे गेले तर त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या मानेवर, म्हणजे तोंडाजवळ, पकडीच्या दातांचे ओरखडे आहेत, दोन्ही बाजूंनी. म्हणजे मी चेपून टाकलेल्या पुंगळ्यांची तोंडं तू पुन्हा गोल केलीस! वाकडे खिळे ठोकून सरळ करणारा माणूस तू, तुला नवं पितळ घ्यायचं जिवावर आलं. वाटणीत हट्टानं नेऊन कोठारात गंजवलेला बाबांचा काडतुसं भरायचा जुना प्रेस बाहेर काढलास आणि त्या मेलेल्या पुंगळ्यांत दारू भरलीस. तोपर्यंतही मी म्हटलं असतं, अडाणी आहे, कळलं नाही. पण डेल्बर्ट म्हणाला, "मी हे ऑरिनला केव्हाच दाखवलं. तर म्हणतो कसा, तू रायफल बघ, आमच्या घरातलं आम्ही बघू." म्हणजे चर्चमध्ये तोंड वर करून बोललास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तुझ्यासारखा भित्रा माणूस मी पाहिला नाही. लेकीसमोर एकदा मान खाली घालावी लागू नये म्हणून तू तिला माझ्यापासून तोडलीस.

फोन केला तर तू आपटतोस, फाटकाशी आले तर कुत्री सोडतोस. म्हणून हे पत्र. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, अक्षर लागत नाही, ऑपरेशनला घाबरतोस आणि गावाला कळू नये म्हणून टपाल जेवणाच्या टेबलावर लेकीकडून वाचून घेतोस, हे मला माहीत आहे. तेव्हा सिग्ने, बाळा, हे तूच वाचते आहेस. तो आता ओरडेल, "पुरे कर, घाल ते चुलीत!" ओरडू दे. शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय आणि तू तीच रायफल घेऊन डोंगरावर जाणार आहेस असं डेल्बर्ट म्हणाला. रायफल परत करताना त्यानं उरलेली काडतुसं पाहिली, तुमच्या ट्रकच्या खणात तशीच पडली आहेत. पाकिटात तो अर्धा तुकडा घातलाय. तो हातात घे, मानेवरून नख फिरव. मग बाहेर जा आणि त्या काडतुसांच्या मानेवरून फिरव. माझं काही ऐकू नकोस, माझ्याकडे आली नाहीस तरी चालेल. पण त्यातलं एकही रायफलीत घालू नकोस गं.

तुझीच,
लॉर्ना आत्या