साताच्या सत्तर वेळा, पण कोणाच्या वतीने

मी, फुआटिनो, दिवंगत पाळक एलिसाया यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार वाइमोआ, सवाई बेट, सामोआ, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे. डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने दुकानदाराला विचारावं, गेल्या शनिवारी वजनात मारलेली साखर मी त्याच्याकडून परत घेतली. कोणी मला हे लिहायला लावलेलं नाही. काहींनी लिहू नकोस म्हणून सांगितलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि केल्याचा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

एक. माझ्या माहेरच्या गावची जमीन साऱ्या कुळाची मिळून आहे. माझा हक्क तिथे राहण्यापुरता आणि पुरला जाण्यापुरता होता. पहिला मी वापरला नाही, दुसरा सोडते. मला इथेच, माझ्या मुलाशेजारी पुरावं.

दोन. जुन्या नारळबागेतला जमिनीचा तुकडा, त्यावरचं पत्र्याच्या छपराचं घर, मागचा स्वयंपाकाचा आडोसा, पाण्याची टाकी आणि फणसाची दोन झाडं ही मात्र माझी आहेत. पाळकाचं घर मंडळीचं, म्हणजे चर्चचं, असतं, पाळक गेला की सोडावं लागतं. म्हणून माझी मुलगी लांगी हिने ऑकलंडहून पैसे पाठवून हे घर माझ्या नावावर बांधलं. लांगीला विचारून, तिच्या संमतीने, हे सगळं मी मासिना हिला देते. मासिना माझ्या रक्ताची नाही. तिची आई आना. तिचा बाप पौवी, ज्याने माझा मुलगा मारला.

हे वाचून ज्याच्या भुवया वर जातील त्याने पुढचं सगळं वाचावं, मग बोलावं.

तीन. माझा मुलगा फेटू एकोणीस वर्षांचा होता. किलिकिटीच्या सामन्यात, म्हणजे आमच्या क्रिकेटमध्ये, तो बाद की नाबाद यावरून पौवीशी वाद झाला. फेटू हसला. पौवीला कोणी हसलेलं खपत नसे. हातातली बॅट त्याने फेटूच्या कानामागे घातली. बोटीतून मोठ्या इस्पितळात नेताना, पलीकडचा किनारा दिसू लागला तेव्हा, तो गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पौवीचं कुळ इफोंगा, म्हणजे माफीची याचना, घेऊन आलं. अंगावर आपल्या घरातल्या सर्वांत मौल्यवान चटया पांघरून, डोकी खाली घालून, ते आमच्या दारासमोर गवतात बसले. रीत अशी की मेलेल्याच्या घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली. नाही उचलली तर आतल्यांनी बाहेर यावं, वाटेल ते करावं, चटईखालच्यांनी हात वर करायचा नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, "थांबा. पोर अजून घरी आलेलं नाही. आधी त्याला येऊ द्या."

ते म्हणाले, "फुआ, ऊन चढतंय. म्हातारी माणसं आहेत त्यांच्यात."

"बसू द्या की. आपल्याला कुठे जायचंय?"

"मी पाळक आहे. दर रविवारी साताच्या सत्तर वेळा म्हणून सांगतो. आज एकदाही जमलं नाही तर उद्या कोणत्या तोंडाने उभा राहू?"

ते बाहेर गेले आणि त्यांनी चटई उचलली. खाली पौवीची आई सियाता होती. ती त्यांच्या पायांवर पडून रडली. सगळं गाव रडलं. मी आत फेटूचा पांढरा सदरा इस्त्री करत होते.

चार. ती चटई कापूर घालून पेटीत ठेवली आहे. सियाताच्या आजीने विणलेली आहे, तिला तोड नाही. ती लांगीला द्यावी, तिच्या बापाची वस्तू म्हणून. मी ती कधीच घेतली नव्हती, म्हणून माझी म्हणून देता येत नाही. पौवीच्या कुळाला परत करावी असं मनात आलं होतं. पण उचललेली चटई परत करणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं, आणि तो शब्द माझा नव्हता, मोडायचाही हक्क मला नाही.

पाच. शिवणयंत्र मासिनाला. पायडल अडकतं, डावीकडून लाथ मारावी.

सहा. आता त्या आकड्याबद्दल. या घरावर त्याचं सावट इतकी वर्षं आहे की त्याची वासलात लावल्याशिवाय मला घर कोणाला देता येणार नाही.

पेत्राने प्रभूला विचारलं होतं, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा माफ करू, सात वेळा? प्रभू म्हणाला सात नव्हे, साताच्या सत्तर वेळा. किरीफी वडील, म्हणजे मंडळीचे वडीलधारे, जे पहिल्या बाकावर बसत, त्यांचा हिशेब सरळ होता: चारशे नव्वद. त्याला ते दानीएल संदेष्ट्याच्या भविष्यातली सत्तर सप्तकं जोडत, आणि सांगत की चारशे नव्वदावर देवाचाही संयम संपतो, दार बंद. माझे यजमान हसून म्हणत, मोजत बसला तो माफ करतच नाही, फक्त वाट पाहतो. सात म्हणजे पूर्ण. पूर्णाला पूर्णाने, वर दहाने गुणलं, ते मोजायचं भान हरपावं म्हणूनच. लांगीचा नवरा धर्मशास्त्र शिकवतो. तो फोनवर म्हणाला, "आई, काही जाणकार तिथे सत्याहत्तर वाचतात. भावाला मारणाऱ्या काइनाच्या वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो ना, काइनाचा सूड सातपट तर माझा सत्याहत्तरपट? प्रभूने सुडाचा तोच आकडा घेऊन उलटा फिरवला." हे मला आवडलं. ज्याने कोणी सूड गिळला आहे त्यालाच तो आकडा कळेल.

पण या तिघा शहाण्यांपैकी एकानेही पेत्राचा प्रश्न नीट वाचला नाही. पेत्र विचारतो: *माझा* अपराध केला तर. शेजाऱ्याचा नव्हे. बायकोचा नव्हे. मेलेल्या मुलाचा नव्हे.

सात. माफी मिळाल्यामुळे न्यायालयाने पौवीला कमी शिक्षा दिली. चार वर्षांत तो परत आला आणि फालेतोआ गावची आना लग्न करून आणली. तोपर्यंत माझे यजमान नावाजले होते. 'मुलाच्या मारेकऱ्याची चटई उचलणारे पाळक' म्हणून त्यांना गावोगाव बोलावणी येत. ते चटईचा प्रसंग सांगत, लोक रडत, आणि आम्हाला भाजलेलं डुक्कर आणि तारोच्या कंदांच्या टोपल्या मिळत. मी पहिल्या रांगेत बसून माझ्या मुलाचं मरण ऐकत असे. प्रत्येक वेळी ते थोडं जास्त सुंदर झालेलं असे. ते ढोंगी नव्हते हे मी शपथेवर लिहिते. ते खरे होते, म्हणूनच त्यांना थांबवता आलं नाही.

आठ. एका रविवारी, उपासनेनंतरचं जेवण चाललं असताना, आना आमच्या दारात आली. तीन वर्षांची मासिना कडेवर होती आणि दुसरा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळला होता. मी तिला आत घेतलं, लाकडाच्या पट्ट्या बांधल्या. ती म्हणाली, "माई, मला इथेच राहू द्या. मी धुणं करीन, काहीही करीन."

मी म्हटलं, "राहा. धुणं राहू दे."

संध्याकाळी पौवी आला, सोबत किरीफी वडील. पौवी गुडघ्यांवर बसून रडला. त्याला रडता फार छान येत असे. आनाने माझ्या यजमानांना विचारलं, "पाळकबाबा, मी किती वेळा माफ करायचं?"

किरीफी वडील हसले. "का गं, चारशे नव्वद भरले वाटतं?"

तिथे बसलेले दोघे-तिघेही हसले. माझे यजमान हसले नाहीत. ते मऊ आवाजात म्हणाले, "मोजू नये, पोरी. मी मोजलं नाही. बघ, माझ्या मुलाला मारणाऱ्याला मी पोटाशी धरलं. तुझा हात तर बरा होईल."

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "ती जाणार नाही."

"फुआ, नवरा-बायकोमध्ये पडू नये."

"मग तुम्ही कशाला पडता?"

गावच्या वडीलधाऱ्यांची सभा बसली आणि आनाने घरी जावं असं ठरलं. पाळकाचं घर मंडळीचं असतं हे मला त्या सभेत पुन्हा सांगण्यात आलं. आना उठली, तिने मासिनाला घेतलं, आणि जाताना मला म्हणाली, "माई, पट्टी छान बांधलीत. अजिबात दुखत नाहीये." पुढच्या वर्षी, मुलांच्या सणाच्या, म्हणजे पांढऱ्या रविवारच्या, आदल्या आठवड्यात, पौवीने तिला ठार मारलं. कशाने ते मी लिहिणार नाही, मासिना हे वाचणार आहे.

नऊ. या वेळी पौवीचं कुळ फालेतोआला आनाच्या बापाच्या दारी इफोंगा घेऊन गेलं, आणि माझ्या यजमानांना पुढे घातलं. त्यांच्या नावाला कोण नाही म्हणेल? ते सगळ्यांत पुढे, चटईखाली बसले. आनाचा बाप सोलोमोना ओट्यावर येऊन बसला. हातात काही घेतलं नव्हतं. नुसता बसून पाहत राहिला. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. त्याने चटई उचलली नाही. कोणी पाणी मागितलं नाही आणि त्याने दिलं नाही. दुपारनंतर एक चटई कलंडली. ती माझ्या यजमानांची होती.

त्यांचं उजवं अंग आणि बोलणं गेलं. पुढची तीन वर्षं मी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ज्या तोंडाने ते साताच्या सत्तर वेळा म्हणत, त्यातून एकच शब्द नीट निघे, "आना." पेज पुढे केली तरी आना, उशी सरकली तरी आना. मेले त्या दिवशी सकाळीही तोच. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं असं मी सांगणार नाही.

दहा. पौवीच्या कुळातून मासिनाला कोणी नेलं नाही. सोलोमोनाला तिच्या चेहऱ्यात पौवी दिसे. त्याने तसं सरळ सांगितलं आणि तिला ठेवून घेतलं नाही. ती माझ्याकडे आली. पहिले काही महिने ती पलंगाखाली झोपे. आता एकोणीस वर्षांची आहे, शिक्षिका होण्यासाठी शिकते आहे, आणि मोठ्याने हसते.

अकरा. हे महत्त्वाचं आहे. तुरुंगातल्या पौवीच्या सुटकेचा अर्ज यंदा पुढे येतो आहे. मुलीने माफ केलं असं तिने जाऊन सांगावं, म्हणून त्याचं कुळ तिच्यामागे लागलं आहे. आमचे नवे पाळक इओसेफो यांनीही तिला बसवून तेच वचन वाचून दाखवलं. म्हणून लिहिते: मासिनाने माफ करावं की करू नये, हे तिला सांगायचा हक्क पाळकाला नाही, गावसभेला नाही, आजोबाला नाही, आणि मलाही नाही. तिचं तिने ठरवावं, उशिरा ठरवावं, किंवा ठरवूच नये. घर मात्र काहीही ठरवलं तरी तिचंच. या घरात जी बाई मार खाऊन येईल तिला मासिनाने राहू द्यावं अशी माझी इच्छा आहे, अट नाही. तिला परत न्यायला कोणी शास्त्रवचन घेऊन आलं तर त्याला अंगणातच पाणी द्यावं आणि वाटेला लावावं.

बारा. पौवीला माझ्या मिळकतीतलं काही नाही. त्याने तुरुंगातून निरोप पाठवला होता, माझ्या माफीसाठी. उत्तर इथे देते. माझं जे तू घेतलंस, म्हणजे माझी झोप, माझं उतारवय, माझ्या नवऱ्याबरोबरचं साधं बोलणं, ते मी सोडलं. किती वेळा सोडलं ते मोजलं नाही, कारण दर सकाळी पुन्हा सोडावं लागतं. फेटूचं आणि आनाचं माझ्याकडे नाही. ते मागायला तुला त्यांच्याकडेच जावं लागेल.

तेरा. माझ्या अंत्यविधीला त्या वचनावर प्रवचन करू नये. गाणी मोठ्याने म्हणावीत. डुक्कर एकच कापावं.

चौदा. अंमलबजावणी लांगीने करावी. साक्षीदार म्हणून मी पाळक इओसेफो यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, "माई, अकरावं आणि बारावं कलम काढा, मग करतो सही. लोक म्हणतील पाळकाच्या बायकोने क्षमा नाकारली."

मी म्हटलं, "म्हणू देत. पाळकाच्या बायकोला कोणी कधी विचारलं होतं?"

त्यांनी दोन्ही कलमं पुन्हा वाचली. मग काही न काढता त्यांनी सही केली. तरुण आहेत, शिकतील.

दुसरा साक्षीदार मिळेना. पौवीच्या कुळाशी वैर कोण घेणार? शेवटी मी फालेतोआला निरोप धाडला आणि आज सोलोमोना बसने आला. वाइमोआत त्याने पहिल्यांदाच पाय ठेवला. मासिनाने त्याला कोको दिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, परत पाहिलं. ती आत गेल्यावर म्हणाला, "हसते आनासारखी."

मी कागद पुढे केला. त्याने पेन घेतलं नाही. "बाई, आधी एक. त्या दिवशी तुमचा नवरा उन्हात होता. चटईखाली पाळक आहे हे मला ठाऊक होतं. चटई नसती उचलली, पण पाणी देता आलं असतं. नाही दिलं. तुमची तीन वर्षं त्यात गेली. त्याचं मी काय करू?"

इतक्या वर्षांत माझ्याकडे येऊन, माझंच म्हणून, मला कोणी विचारलं नव्हतं.

"सोलोमोना," मी म्हटलं, "ही तीन वर्षं माझी होती. ती मी तुला सोडली. सही कर, कोको निवतोय."

त्याने सही केली. अक्षर वाकडं आलं आहे, पण ते त्याचंच आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, माझा आहे, आणि पाळकांना पुन्हा बोलावून, दोघांच्या समक्ष त्याखाली नाव घालते.

फुआटिनो एलिसाया

साक्षीदार:
इओसेफो, पाळक, वाइमोआ
सोलोमोना, फालेतोआ, आनाचा बाप, मासिनाचा आजा

वाइमोआ, सवाई बेट, दिनांक २४ जून २०१४