बोलण्यावर मर्यादा

४ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

खाणीच्या छावणीत तुझ्यावर भांडी घासायची पाळी आली, हे वाचून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझं नेहमीचंच. सध्या कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहितेय. यंत्रात पाळीव प्राणी ठेवू नयेत, हे वाक्य साहेबांनी मुद्दाम घालायला लावलं. कुणीतरी ठेवला असणार, त्याशिवाय का सांगतात! 'कायमचा' आणि 'कधीच' हे शब्द मात्र आमच्याकडे वर्ज्य. गिऱ्हाईक बिचकतं म्हणे. या नोकरीनं माझी नजरच बिघडलीय. परवा दवाखान्यात दारावर 'ओढा' लिहिलेलं आणि दार ढकलायचं. लोक धडकत होते आणि मी मनातल्या मनात पाटी दुरुस्त करत बसले होते.

दवाखान्यात बाबांसाठी गेलो होतो. बसलेला घसा काही सुटेना. सतरा तारखेला शस्त्रक्रिया ठरलीय. जिवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नंतर बोलण्यावर मर्यादा येईल. त्याआधी तुझा फोन झाल्यास बरं. तुला घाबरवायचं नाही, अशी बाबांची ताकीद आहे, तेव्हा घाबरू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती पत्राच्या लांबीवर मोजू नये.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. यंत्रातला प्राणी मांजर की कुत्रा, यावर दोन दिवस वाद चालला.

बाबांच्या बोलण्यावर मर्यादा! ताई, हा शोध कुणी लावला? जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस. घरात मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन हजर व्हायची. चार दिवस गप्प बसले तर गल्लीलाही आराम.

या रविवारी शहरात जाऊन फोन करणार होतो, पण सोबत्याला मुलगी झाली, त्याची पाळी मी घेतलीय. तसंही दुखऱ्या घशाला कशाला ताण? महिनाअखेरीस करतो. तेव्हा त्यांनी मला मनसोक्त झापावं. त्यांना नमस्कार सांग. थोरल्यांकडे धाकट्यांसाठी असतो तेवढा लोभ माझ्या वाट्याला येऊ दे.

तुझा ढब्बू

२२ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. बाबांचं स्वरयंत्र काढलं. त्यांचा आवाज कायमचा गेला.

हे मी चार तारखेलाच असं लिहायला हवं होतं. तेव्हा हात त्या शब्दापाशी अडला आणि 'मर्यादा' आपसूक उतरला. रोजच्या सवयीचा. वर मला वाटलं, काय नेमकं जमलंय!

शस्त्रक्रियेआधीच्या त्या रविवारी तुझा फोन येईल म्हणून बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनशेजारी बसले होते. एकदा फोन आला तो चुकून लागलेला. त्या परक्या माणसालाही त्यांनी बराच वेळ सोडलं नाही. दुसरा माझ्या साहेबांचा. फोन अडवू नका म्हणून मी त्यांनाच झापलं. दिवे लागले तरी बाबा उठेनात. पोर कामात असेल, म्हणाले. काय सांगायचंय ते मला सांगा, मी लिहून कळवते, असं मी म्हटलं. तर ती माझ्याशी बोलायची गोष्ट नव्हे, म्हणाले.

मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. तुझं पत्र वाचलं आणि तीही सोय राहिली नाही. चूक माझी आहे, ढब्बू. मला माफ कर.

ताई

३० मार्च

ती. ताईस नमस्कार.

काल शहरात गेलो. नंबर अर्धा फिरवला आणि फोन ठेवून दिला. बाबांनी उचलला तर मी काय करू?

मागच्या फोनवर ते काय बोलले, ते आठवत बसलोय. बहुतेक मोजे पोचले का, असं विचारत होते. मी घाईत बरं बरं म्हणून ठेवला. तुझ्यावर फार रागावलो, खोटं कशाला सांगू? पण तुझ्या पत्रातली यंत्रातल्या प्राण्याची गंमत मी तीनदा वाचली आणि घशाचं ते वाक्य एकदाच. त्याचा दोष कुणाला देऊ?

ढब्बू

६ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, गोड मानून घे. आजवर ओरडून भागलं, लिहायची वेळ आली नाही. प्रकृती ठीक आहे. गल्लीला आराम पडलाय, पण शेजारीण कंटाळलीय.

ताईला बोल लावू नकोस. तुला घाबरवायचं नाही हा हट्ट माझाच. त्या रविवारी काय सांगायचं होतं, म्हणून ती रोज माझ्यापुढे पाटी धरते. तिला वाटतं, काही मोठं असेल. तसं काही नव्हतं. तुला एकदा नावानं हाक मारायची होती. ती लिहून मारता येत नाही. करून पाहिलं, कागद फुकट गेले.

पुन्हा शहरात जाशील तेव्हा नंबर पुरा फिरव. मीच उचलेन. इकडून काही ऐकू येणार नाही. तरी ठेवू नकोस, बोलत राहा.

तुझे बाबा