लाइट गेली तरी चालणारं घर

प्रिय ताई,

काल फोनवर तू पुन्हा म्हणालीस, “आधी तुझं तू नीट सांभाळ, मग मला राहायला बोलव,” आणि विषय बदललास. म्हणून हे पत्र. शाळा अर्धवट सुटली तरी शुद्धलेखन सुटलेलं नाही, तरी कच्चं लिहून तपासून मगच पक्कं केलं आहे.

ताई, आपलं घर आता लाइट गेली तरी चालतं! गेल्या खेपेला आलीस तेव्हा पाहिलास तो लॅपटॉप आमच्या दुकानात मालकांनी भंगारात काढला होता. पडदा फुटलेला, पण जीव शाबूत. तो घासूनपुसून मी कपाटावर ठेवला आणि त्याचा सर्व्हर केला. असल्या कामाला जुना लॅपटॉपच बरा, लाइट गेली की स्वतःच्या बॅटरीवर तग धरतो. फक्त त्याच्यावर फडकं टाकू नये, तापतो. आपले सगळे फोटो, बाबांची कागदपत्रं आता त्यात आहेत. एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मालकांच्या घरी ठेवली. दोन्ही प्रती एकाच घरात ठेवल्या आणि घरालाच काही झालं तर?

गॅलरीत कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो लावलेत. धणे पेरण्याआधी हलकेच रगडून फोडायचे. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवली की मुळं धरते. पाणी घालायचं की नाही, ते बोट खुपसून बघायचं, वरची माती थापाडी असते. पण माझा माझ्या बोटावर विश्वास कुठे? म्हणून छोटा पंप लॅपटॉपला जोडला, रोज सकाळी एकदाच चालेल असा. परवा लाइट इतका वेळ गेली की बॅटरीही संपली. लाइट आल्यावर लॅपटॉप उठला तो घड्याळ विसरूनच! आतला बटणाएवढा सेल मेलेला, आणि मी बाकी सगळं तपासलं, तोच राहिला. त्याला वाटलं, पुन्हा सकाळ झाली. भर दुपारी कुंड्या तुडुंब, आणि पाणी थेट खालच्या शिंपीणकाकूंच्या गॅलरीत, गिऱ्हाइकाच्या नव्या शर्टांवर. काकू खालून ओरडल्या, “मेल्या, झाडं जगव, पण माझी गिऱ्हाइकं बुडवू नकोस!” मी शर्ट वाळवून, इस्त्री करून दिले. आता त्याच पुदिन्याची काडी मागतात. सेलही नवा घातला आहे.

आणि मागची खोली! खिडकीपाशी तुझ्या टायपिंगच्या कामाला टेबल केलं, नेटच्या डबीला वेगळी बॅटरी दिली. दाराला आतून नवी कडी बसवली. मागे मी विचारलं होतं, भावोजींसाठीही खुर्ची आणू का, तेव्हा तू फोनच ठेवलास. आणली नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. गेल्या खेपेला तुझा फोन मी सर्व्हरला जोडून दिला होता, फोटो आपोआप इथे यावेत म्हणून. ते बंद करायचं आपण दोघंही विसरलो. प्रती नीट उतरल्या का ते बघताना तुझे नवे फोटो समोर आले. अनोळखी खोली. भिंतीला ओल, घरमालकाला दाखवायला काढले असशील. एक ताट, एक खुर्ची, गादीशेजारी न उघडलेल्या तुझ्या बॅगा. आणि फोनवर तू म्हणतेस, भावोजी मजेत आहेत. पुढचे फोटो मी पाहिले नाहीत. तुझा फोन इथून तोडला आहे, आता तू सांगशील तेवढंच मला कळेल. नाही सांगितलंस तरी चालेल. तुझ्यावाचून माझं अडतं म्हणून बोलवत नाही, म्हणून तर एवढं सगळं लिहिलं. बॅगा उचल आणि ये. मी न्यायला येईन, आणि वाटेत एकही प्रश्न विचारणार नाही.

तुझाच,
ज्याला तू शंकासुर म्हणतेस तो