वेल्ह्याच्या खेपा

५ जानेवारी, सोमवार
परत वेल्हे. संस्थेच्या तिथल्या शाळेतला आपला सर्व्हर बसला. सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर देणारा, कोण कुठं सापडेल ते सांगणारा. तो बसला की लाइन ठणठणीत असूनही नेट बंद. अकरा वर्षांपूर्वी मीच जुन्या मशीनवर उभा केलेला.
कारण? फाइलमध्ये एक अर्धविराम राहिला होता. माझाच. गुरुवारी इथून भोरहून बदल केला, घाईत.
एका अर्धविरामापायी जायला दोन एसट्या, यायला दोन. आईला एक वाजता भरवायचं ते चार वाजले. ताट झाकून ठेवलेलं, पण डावी बाजू गेलेली, उजवा हात थरथरतो. डाळ अंगावर सांडलेली. आई म्हणाली, तू आधी जेव. रागावली असती तर बरं.

१२ जानेवारी, सोमवार
आठवडाभर अप्लायन्सचं, म्हणजे सर्व्हरच्या तयार सॉफ्टवेअरचं, वाचतेय. ऑफिसातल्या दोन जुन्या मशीनवर लावून पाहिलं. सिस्टिम आणि सेवा एकाच बांधणीत, जास्तीचं काही नाही, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. आजवर मी शिधा आणून चूल पेटवत होते, हा भरलेला डबा. सगळं ब्राउझरमध्ये, चौकटीत खुणा करायच्या. अर्धविराम बघायला नकोत. जोडीनं दोन मशीन लावायची, एक पडलं की दुसरं उचलतं. हे आधी का नाही केलं? माझ्या हातची फाइल, हाच माज. दुसरं काय!

२० जानेवारी, मंगळवार
सचिवांना टिप्पणी दिली. अडीच पानं. परत आली.
"बाई, हे अपडेट-फिपडेट संचालकांना कळत नाही. संस्थेला फायदा काय ते एका वाक्यात लिहा."
लिहिलं : 'या व्यवस्थेत कुठल्याही एका व्यक्तीवर अवलंबून राहण्याची गरज उरत नाही.'
वाक्य झकास जमलं. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "छान. पण ती एक व्यक्ती कोण गं?" दोघी हसलो.

२ फेब्रुवारी, सोमवार
मंजुरी मिळाली. वेल्ह्यात बसवलं. तिथले शिपाई रेणुसेमामा शेजारी उभे होते. त्यांच्यादेखत एका मशीनची वायर उपटली. ऑफिसात कुणाला पत्ताही नाही, कामं चालूच.
मामा म्हणाले, "आता तुमी न्हाई आलात तरी चालतंय म्हना की."
व्हय मामा, म्हटलं. तोंडभरून.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सोळा दिवस, एकही खेप नाही. आज सकाळी अपडेट फसलं. इथं बसून एक बटण दाबलं, कालच्या स्थितीत परत. पूर्वी अख्खा दिवस गेला असता. दुपारी एकला घरी. आई गरम भात चार घास जास्त जेवली, वर मलाच म्हणते तू वाळलीस.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
सचिवांनी बोलावलं. समोर माझी टिप्पणी, त्या वाक्याखाली हिरवी रेघ.
"तुम्हीच लिहिलंय. मग पूर्ण वेळ माणूस कशाला? वेल्ह्याला लिपिकाची जागा रिकामी आहे. दोन मार्चला हजर व्हा."
आईचं सांगितलं. म्हणाले, "आई सगळ्यांनाच असते, बाई."
सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी सातला घरी. रोज. ज्या खेपा चुकवायला हे सगळं केलं
नको. आज नको लिहायला. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, एवढंच. आणि वर वाक्याचं कौतुक!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
हेडक्लार्कना शिकवायचा आदेश. अर्ध्या तासात शिकले. मला अकरा वर्षं लागली होती. "सोपं आहे की हो," म्हणाले. सोपंच आहे. म्हणून तर आणलं.
ते चहाला गेले तेव्हा मनात आलं, एक खूण काढली तर सोमवारी सगळे माझ्या दारात. हात माउसवर गेलासुद्धा. काढली नाही. भलेपणा वगैरे काही नाही. केलेला प्रत्येक बदल तिथं नावानिशी नोंदला जातो, आणि ती सोय मीच चालू केलीय.
ते बंद पडावं असंही मनापासून वाटत नाही. चीज चांगली आहे. राग आहे तो माणसांचा. गिळगिळीत, हसून बोलणाऱ्या माणसांचा.
शेजारच्या वहिनींना विचारलं. एखाद दिवस बघीन म्हणाल्या, रोजचं नाही जमायचं. त्यांचंही बरोबर.

१ मार्च, रविवार
दोन कागद लिहून ठेवलेत. एक हजर होण्याचा, एक राजीनाम्याचा. सही कशावरच नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.
संध्याकाळी रेणुसेमामांचा फोन. "म्याडम, तुमी आता कायमच्या हितं येनार म्हनं! लई बरं झालं. खिडकीपाशी टेबल लावून ठिवलंय तुमच्यासाठी, पुसून." आवाजात एवढा आनंद की रागावता येईना. बरं मामा, म्हटलं.
आतून आई : "कुणाचा गं?"
ऑफिसचा, म्हटलं.
"उद्या दुपारी पिठलं कर. लसूण जरा जास्त घाल. किती दिवस झाले."
करते म्हटलं.