यादीतलं नाव

बाबा, तुमचा पक्ष आपल्या वॉर्डात एकदाही निवडून आला नाही आणि तरी तुम्ही आयुष्यभर खूश होतात, याचा मला हल्ली राग येतो. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही भांडुपच्या कारखान्यात रखवालदारी करत होतात. मुलुंडच्या दोन खोल्यांत आपण पाच माणसं. निकालाच्या दिवशी तुमच्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालं, की तुम्ही हटकून बांगडे आणि प्रचाराची पोरं घेऊन यायचात. आई करवादायची, "हरल्याचं कसलं जेवण?" तुम्ही म्हणायचात, "पोरांनी म्हयनाभर मरमर केल्यानी, उपाशी धाडू?" मी तुमच्यापेक्षा जास्त शिकले, बँकेत नोकरी केली, स्वतःचा फ्लॅट घेतला. आणि रोज सकाळी फोन उघडला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझी बाजू हरली तर अन्न गोड लागत नाही, आणि जिंकली तरी हरलेल्यांचं अजून पुरेसं नाक कापलं गेलं नाही असं वाटत राहतं.

तुम्ही ज्याला जेमतेम पावलं टाकताना पाहिलंत, तो माझा मुलगा आता बायकोबरोबर दिंडोशीला राहतो. तो समोरच्या बाजूचा झालाय, अशी माझी खात्रीच होती. एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "आई, तुला काय कमी आहे गं? पेन्शन आहे, गुडघे धड आहेत. दिवसभर चिडतेस कुणावर?" मी म्हणाले, "तुझ्यासारख्यांवर." त्याने ताटातला भात संपवला, ताट घासून ठेवलं आणि गेला. मग त्याचं येणं कमी कमी होत गेलं. पण नाव अजून माझ्याच पत्त्यावर होतं, म्हणून मतदानाला तरी तो यायचाच.

गेल्या निवडणुकीत आमच्या दोघांच्या मतदार चिठ्ठ्या घरी आल्या. त्याची मी रव्याच्या डब्याखाली सारली. का, ते सांगायला नकोच. मतदानाच्या दिवशी तो दारात उभा आहे, हेल्मेट हातात, घामाघूम. मी ओट्याकडे तोंड करून सांगते, "तुझं नाव यादीत नाही रे. खाली टेबलावर विचारून आले." तो फोनवर शोधायला बघतो, साइट उघडत नाही. "वाट लागली यार," म्हणून तो हसतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, बाबा. आईने सांगितलं म्हणजे झालं.

तेव्हा तुमची आठवण आली नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. शेजारचे आजोबा आठवले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना खुर्चीत बसवून तुम्ही आणि त्यांचा जावई शाळेपर्यंत उचलून नेत होतात, आणि मी मागून त्यांच्या चपला घेऊन चालत होते. ते तुमच्या विरुद्ध मत देणार, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. मी तसं बोलले, तर तुम्ही रस्त्यातच थांबलात. खुर्ची खाली ठेवून माझ्यावर असे डाफरलात, की मी रडकुंडीला आले. "गप ऱ्हव! मत तेचा आसा. तुझ्या बापाशीचा न्हय." एरवी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतात. एवढं आठवूनही मी ती चिठ्ठी बाहेर काढली नाही.

त्या दिवशी तो जेवून गेला आणि मी एकटीच जाऊन मत देऊन आले. संध्याकाळी मी चक्क आनंदात होते. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. गुणगुणत शिरा केला. लाज वाटते ती त्या शिऱ्याची जास्त.

काल त्याचा फोन आला. दिंडोशीच्या पत्त्यावर नाव हलवायचा अर्ज भरत होता. "आई, माझं नाव होतं की गं यादीत. कधी कटलंच नव्हतं."

"टेबलावरच्यांचा घोळ असेल," मी म्हणाले.

"असेल. गंमत म्हणजे त्या वेळी माझं काही ठरलंच नव्हतं. म्हटलं होतं, तुझ्याशी बोलून ठरवू."

मग तो म्हणाला, "रविवारी येतो. माझे जुने कागद काढून ठेव." आता नाव हललं, की मतदानालाही तो इथे येणार नाही.

रविवारी त्याला खरं सांगायचं, म्हणून शब्द जुळवायला बसले होते. कागदावर वर त्याचंच नाव लिहिलं होतं. ते खोडून 'बाबा' लिहिलं. तुम्ही उठून जाणार नाही ना, म्हणून.