मावंद्याच्या दिवशी तुम्ही मान हलवलीत

सर, आज १३ जुलै १९५८, रविवार, सकाळचे दहा. पिंपरीच्या खोलीत सदऱ्याला बटण लावत बसलो होतो. ते अर्धवट टाकून हे लिहितो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

तळेगावात तुमच्या स्वयंपाकघरात मी लॅटिन शिकलो. काकू भाकऱ्या थापायच्या आणि तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून सांगायचात : गम् म्हणजे जाणे, जाते ती गंगा. हे नाव ग्रीकांच्या कानी पडलं, त्यांनी त्याचं गांगेस केलं, रोमनांनी ते तसंच उचललं. षष्ठी गांगिस. ‘आणि लिंग?’ मी म्हणालो, स्त्रीलिंग. तुम्ही हसलात. ‘पुल्लिंग! त्यांच्या बहुतेक नद्या पुरुषच. आपली गंगामाई तिकडे जाऊन बाप्या झाली बघ.’ काकूंनी तुम्हाला दटावलं, पण त्याही हसत होत्या.

पुढे थोरले चुलते काशीयात्रा करून आले. त्यांच्या मावंद्याला सगळी भावकी जमली होती, गंगेचा गडू पूजेला मांडला होता. चुलत्यांनी मला कौतुकानं विचारलं, ‘काय शिकीवत्यात रं तुझं मास्तर?’ मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. चुलत्यांचा फुलं वाहणारा हात थांबला. ‘गंगामाय बाप्या? मास्तर, तुमी शिकीवलं व्हय हे?’ तुम्ही पुढेच बसला आहात. मी तुमच्याकडे बघतो आहे. तुम्ही उपरण्याची घडी सारखी करता, मान हलवता. ‘छे हो! मी कशाला असलं शिकवीन? पोराच्या मनचं आहे.’ बायकांत बसलेल्या काकू खाली बघतात.

वडिलांनी तिथंच कानाखाली वाजवली. ‘देवाम्होरं खोटं बोलतुया? बास झाली ती साळा!’ माझी शाळा तिथंच संपली. ती चुलत्यांच्या जागेत भरत होती, तुमची नोकरी त्यांच्या मर्जीवर होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कळलं म्हणून राग गेला नाही. सगळ्यांसमोर नको, पण मागाहून एकदा आमच्या दारी येऊन वडिलांना सांगता आलं असतं. तुम्ही रस्ता बदलून जायला लागलात.

आता मी औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासतो. काल साहेबांनी विचारलं, ‘हे लॅटिन तुम्हाला वाचता येतं? कोणी शिकवलं?’

‘कोणी नाही,’ मी म्हणालो. ‘मनानंच शिकलो.’

तेव्हापासून मी स्वतःला बजावतो आहे की तुमची फेड झाली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. तेव्हा फेडीचा विचारही मनात नव्हता. तुमचं नाव घेतलं तर शाळा का सुटली तेही विचारतील, एवढ्यानंच मी घाबरलो होतो.